पाठीवरच्या टिकल्या

॥ श्री ॥

अस्ती, इटली
१५ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. आईस,
शुभांगीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि कडेला नानांनी खरडलेल्या चार ओळीही मिळाल्या. त्यांना सांग, गावाचं नाव अस्ती आहे, अस्थी नव्हे. सगळा मुलूख अस्थी घेऊन नाशिकला येतो आणि आमची पोरगी नाशिक सोडून अस्तीला गेली, हे मी ह्यांना वाचून दाखवलं. हे दिवसभर कारखान्यात आठवून हसत होते म्हणे. तिथल्या लोकांना वाटलं, सातपूरच्या कंपनीने यंत्रं शिकायला माणूस पाठवलाय तो जरा सैलच दिसतोय.

गाव छान आहे. चहूकडे द्राक्षांचे मळे, अगदी दिंडोरीच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटतं. फक्त पानं सगळी गळून गेली आहेत आणि माणसं स्वेटर घालून छाटणी करतात. भाषेचं म्हणशील तर मला बोंजोर्नो आणि ग्रात्सिए एवढंच येतं आणि ह्यांना यंत्रांच्या भागांची नावं येतात. बाजारात नटबोल्ट मागायचे असतील तर हे मागतात आणि आभार मानायचे काम माझ्याकडे आहे. खालच्या मजल्यावर घरमालकीण पियाबाई राहते. ती इटालियनमध्ये बोलते, मी मराठीत बोलते आणि आमच्या तासन्‌तास गप्पा होतात. परवा तिला पिठलं दिलं तर तिने वर चीज किसून खाल्लं. मी डोळे मिटून घेतले.

एक काम होतं. टिकल्या संपत आल्या आहेत, तर पाठव. पण लहान नकोत, मोठ्या पाठव. तू लावतेस ना, तेवढ्या. एकदम एवढी मोठी कशाला, असं हे विचारत होते. मी म्हटलं, परदेशात आपला देश लांबून दिसायला हवा.

नानांना नमस्कार, रोहिणीच्या गालाला एक चिमटा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
शुभांगी

॥ श्री ॥

मखमलाबाद, नाशिक
३ डिसेंबर १९९८

चि. सौ. शुभांगीस,
आईचे अ. उ. आ.

पत्र वाचून जीव सुखावला. शेजारची कुसाबाई मला ऐकवत होती की परदेशी गेल्या की पोरी सगळ्यात आधी टिकली काढून ठेवतात. तिला बोलावून चहा दिला आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चहा अर्धा टाकून गेली.

सोबत तीन पाकिटं पाठवते आहे. हा आकार भद्रकालीत एकाच दुकानात मिळतो. मी पायरी चढले की दुकानदार न विचारता पाकीट पुढे करतो, इतकी वर्षं मी ह्याच वापरते. घट्ट बसतात, अंघोळीतही हलत नाहीत. तूही उठताबसता काढत जाऊ नकोस. रात्रीसुद्धा असू दे कपाळावर.

आता मुख्य बातमी. रोहिणीला स्थळ आलं आहे. मुलगा नवनाथ, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर आहे, बोलायला गोड आहे आणि उंचीला नानांच्या वरताण आहे. त्याची आई गोजराबाई मात्र पक्की. रोहिणीला सुईत दोरा ओवायला लावला, पेपरातलं बारीक अक्षर वाचायला लावलं, अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. नाना मला हळूच म्हणाले, बैलबाजारातसुद्धा एवढं बघत नाहीत. मग त्या बाईंनी मला सरळच विचारलं, घरात कुणाला दमा, फिट, कोड असलं काही आहे का. मी एका दमात नाही म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

त्यांचा होकार आला आहे. लग्न वैशाखात धरू. मळ्यात गुलाब तोवर भरात नसेल, पण घरच्या पोरीच्या मांडवाला झेंडू तर पुरेल. तुम्ही दोघांनी यायचंच आहे. हळदीला तू नसलीस तर रोहिणी बोहल्यावर चढायची नाही, मी तिला ओळखते.

थंडीत कान बांधत जा. जावईबापूंना आशीर्वाद. आमची आठवण ठेवत जा आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
आई

॥ श्री ॥

अस्ती
२० डिसेंबर १९९८

चि. रोहिणीस,
ताईचे अ. आ.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं आहे, त्यावरून ओळख की ते घरी वाचायचं नाही.

आधी तुझं अभिनंदन. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवलास म्हणे! माझ्या फ्रॉकची बटणं लावायला सांगितली की तुला कधी सुई सापडायची नाही, ते मी विसरलेले नाही. नवनाथरावांचा फोटो पाठव. नाक कसं आहे ते मला बघायचं आहे, कारण पुढे ते माझ्या भाचरांना लागणार.

आता कामाचं. रोहिणी, माझ्या कपाळावर टिकलीखाली पांढरा डाग पडला आहे. दिवाळीत मसुराएवढा होता. मी तो झाकायला जरा मोठी टिकली लावली. काही दिवसांनी डाग तिच्या कडेने डोकावायला लागला, म्हणून आणखी मोठी लावली. आईकडे टिकल्या मागवल्या त्या देशप्रेमासाठी नव्हे, ह्यासाठी. आता आईच्या टिकल्यांखालीही तो वाढतोच आहे.

कोड हा शब्द लिहितानाही माझा हात थांबतो. ह्यांना सांगितलेलं नाही. टिकली लावून झोपते आणि हे उठायच्या आत आरसा गाठते. पण मला माझ्यापेक्षा तुझी भीती वाटते. गोजराबाईंनी आईला तोंडावर विचारलं आणि आई भाबडेपणाने नाही म्हणून बसली. वैशाखात मी आले, हळदीच्या दिवशी कुणी माझं कपाळ पुसलं, की सगळ्या मांडवाला दिसेल. मग धाकटीलाही असणार, असंच लोक म्हणतील. म्हणून मी लग्नाला येणार नाही. ह्यांना रजा मिळाली नाही असं आईला कळवीन. तू तिची समजूत घाल.

आईला ह्यातलं काही कळू देऊ नकोस. तिला हे सोसणार नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लळा तोडू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

मखमलाबाद
४ जानेवारी १९९९

ती. सौ. ताईस,
रोहिणीचा स. न. वि. वि.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला पोरांना नद्या शिकवायच्या होत्या, मी डोंगर शिकवले. एकानेही हरकत घेतली नाही, हे वेगळंच दुःख.

ताई, तू बीएस्सी झालीस ना? मग डॉक्टरला न दाखवता स्वतःच निदान करून, स्वतःच शिक्षा ठरवून मोकळी कशी झालीस? तुला भाषा येत नाही हे कारण मला सांगू नकोस. डाग दाखवायला भाषा कशाला लागते? टिकली काढायची आणि कपाळ पुढे करायचं.

आणि लग्नाला न येण्याचं खूळ डोक्यातून काढ. तुला चोरीच्या मालासारखं दडवून मला लग्न करायचं नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला नवनाथ येणार आहेत, तेव्हा मी त्यांना सांगून टाकणार. मोडायचं असेल तर आत्ताच मोडू दे. रडेन मी, खोटं कशाला बोलू? मला ते फार आवडले आहेत. पण तुझ्याशिवाय हळद लावून घ्यायची म्हणजे मला त्याहून जास्त रडू येईल.

टिकलीच्या बाबतीत तू थेट आईवर गेली आहेस. आईला बिनटिकलीची मी जन्मात पाहिलेली नाही. आपण उठायच्या आधी ती कपाळावर हजर. लहानपणी मला वाटायचं, ती तिथे उगवलेलीच आहे.

आईला सांगितलेलं नाही. तू मात्र पत्र वाचून होताच डॉक्टर गाठ. दम भरते आहे असं समज, आणि तरीही लाड करत जा.

तुझी,
रोहिणी

॥ श्री ॥

अस्ती
३१ जानेवारी १९९९

चि. रोहिणीस,
ताईचे अनेक, अगदी पोतंभर आशीर्वाद.

हे पत्र घरी वाच. मोठ्याने वाच. आईनानांना समोर बसव. का ते कळेलच.

तुझा दम वाचला आणि तशीच खाली पियाबाईकडे गेले. टिकली काढली आणि कपाळ पुढे केलं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, गॅस बंद केला, कोट चढवला आणि माझा हात धरून मला चालवतच दवाखान्यात नेलं. मी घाईने टिकली परत लावली होती, रस्त्याने उघड्या कपाळाने कशी जाणार!

तिथे फक्त कातडीचेच रोगी. बसल्याबसल्या एका आजोबांनी पँट वर करून मला आपली नडगी दाखवली. पलीकडच्या बाईने कोपर दाखवलं. मला वाटलं, ओळख करून घ्यायची इथली पद्धत असावी. मग सगळ्यांनी माझ्या कपाळाकडे बघून च्‌ च्‌ केलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना माझी टिकलीच माझा रोग वाटते आहे. एवढा गोल, एवढा तांबडा रोग त्यांनी जन्मात पाहिला नसेल. नडगीवाल्या आजोबांनी तर उठून मला आपल्या आधीचा नंबर दिला.

डॉक्टरीणबाई बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात. तिनेही भिंग घेऊन आधी टिकलीच निरखली. मग नखाने कडा उचलून बघितली आणि स्वतःशीच हसली. मी टिकली काढली. हसू थांबलं. अंधाऱ्या खोलीत नेऊन निळा दिवा लावून तिने डाग बघितला, टिकली चिमट्याने उलटी केली, तिच्या पाठीचा गोंद हुंगला, आणि पियाबाईला काहीतरी फर्मान सोडलं. पियाबाई धावत घरी जाऊन माझा टिकल्यांचा सगळा संसार घेऊन आली. लहान, मोठ्या, खड्यांच्या. डॉक्टरीणबाईने मला पालथं झोपवलं आणि त्या सगळ्या माझ्या पाठीवर ओळीने चिकटवल्या. वरून पट्ट्या लावल्या. मग अंघोळीचा अभिनय केला आणि बोट नाचवून नाही नाही केलं. परवा परत ये, हे तिने मला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवलं.

घरी ह्यांना सांगावंच लागलं. एवढे दिवस लपवलं म्हणून हे संध्याकाळभर रुसले होते. जेवण झाल्यावर मात्र पाठ बघायला मागितली आणि म्हणाले, समोरून सौभाग्यवती पुष्कळ पाहिल्या, पाठमोरी पहिलीच.

परत गेले तेव्हा पट्ट्या काढल्या. डॉक्टरीणबाईने टाळीच वाजवली. दोन आरसे धरून मला माझी पाठ दाखवली. लहान टिकल्यांखाली नुसती लाली होती, आणि आईच्या मोठ्या टिकलीखाली गांधील चावावी तशी सूज. मग तिने कागदावर टिकली काढली, तिचा गोंद काढला, आणि गोंदावर अशी फुली मारली की पेन्सिलचं टोक मोडलं. रोहिणी, कोड नाही. गोंद आहे! ज्याने झाकत होते त्यानेच वाढत होतं. मलम दिलं आहे आणि कॅलेंडरची पानं उलटून दाखवली आहेत. वेळ लागेल, पण रंग बहुतेक परत येईल.

पण मला तुझं विचारायचं होतं. ते कसं विचारणार? पर्समधला आपला फोटो काढला, माझ्या लग्नातला, तू, मी आणि आई. माझ्या कपाळाला बोट लावलं, मग फोटोतल्या तुझ्या कपाळाला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने जोरजोरात मान हलवली. मग आईच्या कपाळावर बोट ठेवून ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. आईची टिकली तिला फार आवडली असावी.

तरीही माझा चेहरा उतरलेलाच असेल. कारण तिने काय केलं सांगू? हातमोजा काढला, आपला अंगठा माझ्या डागावर टेकवला, दाबला, आणि तोच अंगठा स्वतःच्या कपाळाला लावला. मधोमध, आपण कुंकू लावतो तिथे. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी तिच्या पोटाला धरून रडले. पियाबाईही रडली, तिला तर काहीच कळलं नव्हतं.

आता सांग, मी वैशाखात येऊ ना? डाग तोवर जाणार नाही. डागासकट येऊ?

घरातल्या सगळ्यांच्या पायी डोकं ठेवून, आणि तुझ्या उत्तराची वाट बघत,

तुझी,
ताई

॥ श्री ॥

मखमलाबाद
१६ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. ताईस,
रोहिणीचा स. न. वि. वि.

पत्र हुकमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. नाना दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी गुलाबाच्या जुड्या बांधत होते, आई देठ पुसून देत होती. डागाचं पहिल्यांदाच ऐकताना आई घाबरेल म्हणून मी आधीच सांगून टाकलं की शेवट गोड आहे. नडगीवाल्या आजोबांना नाना पोट धरून हसले. आई हसली नाही. मोठ्या टिकलीखालची सूज आली तेव्हा तिचे हात थांबले. अंगठ्याचं वाचलं तेव्हा ती उठून न्हाणीघरात गेली.

ताई, ती बराच वेळ बाहेर आली नाही. नाना दाराशी जाऊन खोकले. मग ती आली. कपाळ उघडं. मला आधी धस्स झालं, असं कपाळ आपल्याकडे कधी दिसतं ते तुला माहीत आहे. आणि मग दिसलं. मधोमध पांढरा डाग, बंद्या रुपयाएवढा, कडा अगदी टिकलीच्या आकाराने कापलेल्या.

आपण दोघी लहान होतो तेव्हापासून आहे, म्हणाली. दोन पोरी उजवायच्या होत्या, कुणाला दाखवणार? तुझ्यासारखीच टिकली लहानाची मोठी, मोठीची आणखी मोठी करत गेली. आपल्याला कोड आहे आणि ते आपण पोरींच्या रक्तात घातलं, हे मनात ठेवून बाई इतकी वर्षं सगळ्यांच्या आधी उठत होती. तू मोठ्या टिकल्या मागितल्यास तेव्हा तिला क्षणभर शंका आली होती, पण तिने ती मनातून हाकलून दिली. तुझी डॉक्टरीणबाई फोटोवर बोट ठेवून काय सांगत होती ते आता कळलं ना?

मी रडत होते. नाना जुडी बांधतच म्हणाले की मला ठाऊक होतं. आईने विचारलं, मग कधी बोलला का नाहीत? ते म्हणाले, तू सांगितलं नाहीस, मला वाटलं तुला मी बघितलेलं आवडायचं नाही. दोघंही एकमेकांकडे अशी बघत बसली की मी देठ पुसायला घेतले.

नवनाथना मी संक्रांतीलाच सांगितलं होतं. ते म्हणाले, दिवसभर कोळशाच्या धुळीत असतो, घरी आल्यावर माझाच रंग मला कळत नाही, मी कुणाचे डाग बघू? पण त्यांच्या आईला मोठ्या माणसानेच सांगायला हवं, ते त्यांच्याच्याने होणार नाही, असंही म्हणाले. म्हणून उद्या आई एकलहऱ्याला जाणार आहे. खोटं मी बोलले, खरंही मीच सांगणार, असं तिचं म्हणणं. टिकली न लावता जाणार आहे. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली.

गोजराबाईंचा स्वभाव तुला माहीत आहे. माझा जीव मुठीत आहे. देवापाशी दिवा लाव आणि माझ्यावरची माया दुप्पट कर, उद्या लागेल.

तुझी,
रोहिणी

॥ श्री ॥

मखमलाबाद
२ मार्च १९९९

चि. सौ. शुभांगीस,
आईचे अ. उ. आ.

रोहिणीने तुला जीव मुठीत ठेवून पत्र टाकलं आणि पुढचं लिहायचं विसरली. लग्नाची खरेदी चालू आहे, त्यावरून समजून घे.

एकलहऱ्याला गेले. गोजराबाईंनी दार उघडलं आणि माझं कपाळ बघून दोन्ही हात तोंडावर घेतले. त्यांना वाटलं तुझे नानाच गेले. मी म्हटलं, ते चांगले धडधाकट आहेत, बाजारात भाव करतायत. मग ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तुझं, माझं, गोंदाचं. त्या दिवशी मी नाही म्हणाले ते घाबरून म्हणाले, हेही सांगितलं. तुम्हाला पोरगी नको असेल तर आजच सांगा, पण ह्यात तिचा दोष नाही आणि आता मला कळलंय की माझाही नाही.

गोजराबाईंनी आपली टिकली उपटली, मला उन्हात ओढलं आणि म्हणाल्या, आवं बघा बरं, माझ्या कपाळाला काय दिसतंय का, लय दिवस खाजतंय. नुसती लाली होती. मी तसं सांगितलं तर त्यांनी शेजारच्या सखुबाईला हाक मारली, तिने पलीकडचीला. थोड्या वेळाने कॉलनीतल्या साऱ्या बाया ओट्यावर उघड्या कपाळाने ओळीत बसून एकमेकींना न्याहाळत होत्या. नवनाथ पाळी संपवून आला, त्याने ती रांग बघितली आणि डबा हातातून सोडला. कोण गेलं, म्हणून ओरडला. त्याची आई म्हणाली, कोणी नाय गेलं, टिकल्या गेल्या.

निघताना गोजराबाईंनी माझी ओटी भरली. लग्नात थोरलीला आणाच, म्हणाल्या, त्या डॉक्टरणीचं मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

मी तुझ्या आजीचा मेणाचा करंडा काढला आहे. बोटाने मेण लावायचं, वर पिंजर. पहिल्या दिवशी वाकडं लागलं, आता जमतं. डागाच्या मधोमध बारीकसं लावते, डाग दिसतो तसा दिसतो. कुसाबाईने विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं. ह्या खेपेला चहा पूर्ण प्यायली. नाशिकच्या डॉक्टरांनाही दाखवून आले. जुना आहे, सगळा जाईलच असं नाही म्हणाले. न जावो.

तू डागासकट ये. हळदीला आपण दोघी शेजारी बसू.

एक सांगायचं राहिलं. काल सकाळी मी करंडा उघडून बसले होते, कपाळ अजून कोरंच होतं. तुझे नाना मळ्यातून आले. हाताला माती होती, ती धोतराला पुसली. मग माझ्या समोर उकिडवे बसले, अंगठा माझ्या डागावर टेकवला आणि तोच आपल्या कपाळाला लावला. म्हणाले, बघतो, मला होतंय का. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला तिथे हात लावला, कारण मी कधी लावूच दिला नव्हता. दिवसभर त्यांच्या कपाळावर मातीचा ठिपका होता. मी सांगितला नाही, त्यांनी पुसला नाही.

तिकडच्या पियाबाईला आणि डॉक्टरीणबाईला माझा नमस्कार कळव. भाषा येत नसली तरी तुला कळवता येईल.

तुझी वाट बघणारी,
आई